प्राचार्यांच्या नावाने लिहिलेला अर्ज

मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या देडतलाईच्या मुलीने बारावी पास केली की तिच्यापुढे दोन रस्ते असतात. एक बुरहानपूर, नेपानगर, खंडव्याकडे जाणारा आणि दुसरा सीमा ओलांडून धारणी, परतवाड्यावरून अमरावतीला पोचणारा. घरात कोरकू किंवा मराठी, शाळेत हिंदी, बाजारात सगळ्याची सरमिसळ. कुठल्याही रस्त्याने गेली तरी बऱ्याचदा घराण्यातली कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच मुलगी असते. तिच्यामागे बापाचे ‘बघू, वर्षभर जमतंय का’ असते, काकांची नाराजी असते, आणि आईने चार जणांशी भांडून मिळवलेली परवानगी असते. त्या परवानगीला एकच अलिखित अट असते: नावाला बट्टा लागता कामा नये.

लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठांनी कशा हाताळाव्यात, हा प्रश्न आपल्याकडे दिल्ली, चेन्नई, कोलकात्यात काही घडले की चर्चेला येतो आणि तिथल्याच विद्यापीठांपुरता राहतो. मला तो देडतलाईपासून विचारावासा वाटतो. देशातले बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकत नाहीत, संलग्न महाविद्यालयांत शिकतात. बुरहानपूरची महाविद्यालये वर्षानुवर्षे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाखाली होती. आता निमाडसाठी खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले आहे. सीमेपलीकडे धारणीचे कॉलेज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येते. जी व्यवस्था या कॉलेजांतल्या मुलीला उपयोगी पडत नाही, ती देशात आहे असे म्हणण्याला माझ्या लेखी अर्थ नाही.

समजा, तिच्यावर प्रसंग आला. करणारा शिक्षक असेल, प्रयोगशाळेतला माणूस असेल, वरच्या वर्गातला मुलगा असेल. तिला अर्ज लिहायचा आहे. अर्ज कसा लिहायचा हे तिला शाळेत शिकवलेले आहे. वर ‘सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय’, मध्ये ‘सविनय निवेदन है’, आणि खाली ‘आपकी आज्ञाकारी छात्रा’. फी माफीचा अर्ज असाच, गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज असाच, आणि अत्याचाराची तक्रारही याच साच्यात. कागद आधी बाबूच्या टेबलावर जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो, शिपाई तो आत नेतो. प्राचार्यांनी वाचेपर्यंत तीन जणांनी वाचलेला असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्या तिघांबरोबर रोज चहा पितो. विद्यापीठाची सगळी नियमावली एका बाजूला ठेवली तरी एवढ्या एका प्रवासात तक्रारीचे काय होणार ते ठरून जाते.

कायदा नाही असे नाही. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या (साथीन) भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि त्या लढ्यातून 13 ऑगस्ट 1997 रोजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निवाडा आला. निवाडा कागदावरच राहतो आहे हे पाहून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी इतर स्त्री संघटनांसह न्यायालयाचे दार पुन्हा ठोठावले. त्या प्रकरणात 2004 मध्ये न्यायालयाने सांगितले की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा. म्हणजे बाईने तेच ते पुन्हा दुसऱ्या चौकशीत सांगत बसू नये. मग याच विषयावरचा 2013 चा कायदा आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम 2016 मध्ये राजपत्रात आले. ते विनियम मी वाचले आहेत आणि माझे मत असे की कागद म्हणून ते चांगले आहेत. सहल, क्रीडा शिबिर, कॉलेजची बस हे सगळे त्यांनी ‘परिसर’ मानले आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही बळी पडू शकतात हे मान्य केले आहे. चौकशी 90 दिवसांत संपवायची आहे. चौकशी चालू असताना आरोपी शिक्षकाला त्या मुलीचे पेपर तपासू द्यायचे नाहीत, अशी तरतूद आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीवर बसायचे नाही, असेही त्यात लिहिले आहे. आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत.

आता हे सगळे तालुक्याच्या कॉलेजात आणून बघा. समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी. बऱ्याच छोट्या कॉलेजांत नियमित प्राध्यापकच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकवण्याचा गाडा अतिथी विद्वानांवर चालतो. अतिथी विद्वान म्हणजे सत्रावर, मानधनावर बोलावलेला शिक्षक. पुढच्या वर्षी त्याला बोलावायचे की नाही यात प्राचार्यांच्या शब्दाला वजन असते. अशा बाईंना समितीवर बसवून त्यांनी आपल्याच विभागातल्या पक्क्या नोकरीच्या सरांविरुद्ध निष्कर्ष लिहावा, ही अपेक्षा ठेवणे त्या बाईंवरही अन्याय करणारे आहे. निवडून आलेले विद्यार्थी आणायचे कुठून? मध्य प्रदेशात 2017 नंतर कित्येक वर्षे विद्यार्थी निवडणुकाच झाल्या नाहीत. बाहेरची स्वयंसेवी सदस्य म्हणून बहुतेक वेळा संस्थाचालकांच्या ओळखीतल्या कुणाचे तरी नाव घातले जाते. भिंतीवरच्या फलकावर नावे असतात. त्यातल्या एक बाई बदलून गेलेल्या, एक निवृत्त. तपासणीसाठी पथक आले की फलकाचा फोटो निघतो आणि गुण मिळतात.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की छोट्या कॉलेजाला स्वतःची समिती नेमायला लावणे थांबवावे. विद्यापीठाने जिल्ह्यासाठी एक समिती द्यावी, तिचे सदस्य त्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या पगारावर नसावेत, आणि तक्रार थेट तिच्याकडे जावी. 2013 च्या कायद्यात याचे बीज आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जायची सोय कायद्यानेच केली आहे. कारण उघड आहे: मालकाच्या ताटाखालचे लोक मालकाची चौकशी करू शकत नाहीत. हेच तत्त्व चारशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजलाही लागू पडते, तिथे कर्मचारी वीस असले म्हणून ते बदलत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 1999 पासून लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जीएसकॅश नावाची व्यवस्था होती. तिच्यात विद्यार्थ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत. 2017 मध्ये ती मोडीत काढून प्रशासनाने नेमलेली समिती आणली गेली. प्रशासनापासून अंतर हेच त्या जुन्या व्यवस्थेचे बळ होते, आणि ज्यांना ते सोसवले नाही त्यांनीच ती मोडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण समिती कितीही चांगली केली तरी तिच्यापर्यंत मुलगी येणारच नाही, जोवर एक भीती दूर होत नाही. ही भीती आरोपीची नसते. ‘घरी कळलं तर शिक्षण बंद’, ही ती भीती. आपल्या भागात कॉलेजात शिकणाऱ्या कुठल्याही मुलीशी विश्वासाने बोला, फिरून फिरून हेच वाक्य ऐकू येईल. आणि कॉलेजे नेमके तेच करतात. तक्रार आली की पहिला फोन बापाला. ‘तुमच्या मुलीचं एक प्रकरण आहे, येऊन जा.’ बाप मजुरी बुडवून येतो, प्राचार्यांच्या खोलीत उभा राहतो, मान खाली घालतो, आणि संध्याकाळच्या गाडीने मुलीला सामानासह घेऊन जातो. महिन्या-दोन महिन्यांत स्थळ बघायला सुरुवात होते. कॉलेजच्या दृष्टीने प्रकरण मिटले. गुन्हा करणारा दुसऱ्या दिवशी वर्गावर असतो.

याला मी तक्रारीची हाताळणी म्हणणार नाही. ही तक्रारदाराचीच हकालपट्टी आहे, आणि ती बापाच्या हातून करवून घेतली जाते. मुलगी 18 वर्षांची झाली असेल तर ती कायद्याने सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय तिची तक्रार कुणालाही, आईबापांनाही, कळवता कामा नये, आणि हा नियम विद्यापीठाने लेखी करावा. पहिल्या वर्षाला 17 वर्षांची मुलगी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू होतो आणि ज्याला गुन्हा कळला त्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे सक्तीचे आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे कॉलेजे दोन्हीकडे उलटे वागतात. सज्ञान मुलीच्या घरी फोन जातो आणि अल्पवयीन मुलीची गोष्ट पोलिसांपासून लपवली जाते.

आईबापांना दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. ज्या बापाने सगळा गाव विरोधात असताना मुलीला बाहेर ठेवले, त्याला कॉलेजने काय सांगितले यावर तो काय करील हे ठरते. ‘तिच्या बाबतीत आमच्या आवारात गुन्हा घडला, आम्ही तिच्या बरोबर आहोत, तिची खोली, तिची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आम्ही सांभाळू,’ असे कुणी मराठीत, कोरकूत, त्याला कळेल अशा भाषेत सांगितले, तर बरेच बाप मुलीच्या पाठीशी उभे राहतील. पण हे कुणी सांगत नाही. ‘प्रकरण’ हा शब्द वापरला जातो आणि सगळा दोष मुलीच्या पदरात पडतो.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बलात्कार हा फौजदारी गुन्हा आहे, त्याची चौकशी प्राध्यापकांनी का करायची? पोलिसांकडे पाठवा आणि हात झटका. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बलात्कार सिद्ध झाला की नाही हे ठरवून तुरुंगात पाठवणे हे विद्यापीठाचे काम नाही, आणि ‘आपसात मिटवा’ म्हणण्याचा तर त्याला अधिकारच नाही. पण पोलीस जे करू शकत नाहीत ते विद्यापीठ त्याच दिवशी करू शकते. अंतर्गत गुण कोणाच्या हातात आहेत, वसतिगृहाची किल्ली कोणाकडे आहे, हजेरी कोण भरतो, ही सगळी सत्ता विद्यापीठाची आहे. शिक्षकाने केलेला अत्याचार या सत्तेच्या आधाराने होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 64 मध्ये शिक्षकाने किंवा विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केलेला बलात्कार अधिक गंभीर धरून उरलेल्या संपूर्ण आयुष्याच्या तुरुंगवासापर्यंत शिक्षा सांगितली आहे, ती याचसाठी. ती सत्ता काढून घेण्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

ओडिशातल्या बालासोरचे उदाहरण डोळ्यांपुढून हलत नाही. फकीर मोहन महाविद्यालयात बी.एड. करणाऱ्या मुलीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार केली होती. तिने ती लपवली नाही, समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडली, सोबतच्या विद्यार्थ्यांनी धरणे धरले. 12 जुलै 2025 रोजी, प्राचार्यांना भेटून बाहेर आल्यावर, तिने कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले. 14 जुलैला भुवनेश्वरच्या एम्समध्ये ती गेली. या प्रकरणात विभागप्रमुखाला आणि प्राचार्यांनाही अटक झाली. तिथे समिती होती. नियम होते. मुलगी गप्प बसणारी नव्हती, शिकलेली होती, उद्याची शिक्षिका होती. तक्रार केल्यानंतरही ती रोज त्याच विभागात, त्याच माणसाच्या हाताखाली होती. त्या मधल्या दिवसांत तिला त्याच्या सत्तेतून बाहेर काढायला एका आदेशाची गरज होती.

जे लोक याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की तक्रार आली की लगेच काढून टाका, चौकशी कसली करता, त्यांच्यासाठी गोवा विद्यापीठाचा खटला आहे. 2009 मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने 39 दिवसांत 18 बैठका घेतल्या, शेवटच्या टप्प्यात तर बैठकांचा सपाटा लावला. आरोपीने मुदत मागितली ती पुरेशी दिली नाही आणि त्याच्या गैरहजेरीत काम पुढे नेले. 2010 मध्ये त्याला बडतर्फ केले. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते उचलून धरले. आणि 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. तो दोषी की निर्दोष यावर न्यायालयाने मत दिले नाही. घाईत नैसर्गिक न्याय पाळला गेला नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. ज्या मुलींनी 2009 मध्ये हिंमत केली, त्यांच्यापुढे 14 वर्षांनी पुन्हा पहिलीच पायरी. आरोपीचीही 14 वर्षे गेली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का ते तपासायला सांगितले.

या खटल्यातून मी एवढे घेतो की आरोपीला न्याय्य वागणूक देणे हा तक्रारदार मुलीचाही हक्क आहे. कारण अपिलात कोसळणारी चौकशी तिला न्याय देत नाही, तिचे आयुष्य खाते. अंतरिम संरक्षण 24 तासांत, पण चौकशी नीट, कागदोपत्री, दोघांचे ऐकून, 90 दिवसांच्या आत: या दोन गोष्टींत विरोध नाही. आपल्याकडे बरोबर उलटे होते. संरक्षण द्यायला महिने लागतात आणि बभ्रा झाला की चौकशी रातोरात उरकतात. अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या टायटल नाइन या 1972 च्या कायद्याखालचे नियम 2011, 2020, 2024 असे सरकारागणिक झुलत राहिले. कधी तक्रारदाराच्या बाजूने, कधी आरोपीच्या. 2024 चे नियम तर जानेवारी 2025 मध्ये एका संघीय न्यायालयाने रद्दच केले. नियम असे झोके घेऊ लागले की दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो.

खोट्या तक्रारींचे काय, हा प्रश्न तर प्रत्येक सभेत येतो. 2013 च्या कायद्यात द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. त्याच कलमात असेही लिहिले आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई व्हावी असे नाही. पहिले वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत लागते, दुसरे लागत नाही. एवढ्यावरून त्या कॉलेजचा कल कळतो.

तीन महिन्यांच्या मुदतीबद्दलही बोलायला हवे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. ज्या शिक्षकाच्या हातात तीन वर्षांचे गुण आहेत त्याच्याविरुद्ध मुलगी सहा महिन्यांत बोलेल हे कोणी गृहीत धरले? विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही मुदत पदवी हातात पडल्याच्या दिवसापासून मोजावी, असे माझे म्हणणे आहे.

निनावीपणाचे वचन द्यायचे आणि पाळायचे नाही, हे तर सर्वांत घातक. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने धैर्याने तक्रार केली आणि पोलिसांचा प्राथमिक माहिती अहवाल तिच्या ओळखीसह इंटरनेटवर पसरला. मद्रास उच्च न्यायालयाने सरकारला 25 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि विद्यापीठाला तिच्याकडून फी घेऊ नका असे बजावले. आरोपीला जून 2025 मध्ये जन्मठेप झाली. चेन्नईत उच्च न्यायालय स्वतःहून धावून आले. देडतलाईच्या खकनार तालुक्यातल्या मुलीचे नाव गावच्या ग्रुपवर फिरले तर कोण धावून येणार?

सीमेचा प्रश्न आमचा खास आहे. देडतलाईची मुलगी अमरावतीला शिकते, घटना तिथे घडते, ती घाबरून घरी येते. ठाण्यात सांगतात, ‘मामला महाराष्ट्र का है, वहीं जाओ.’ हे सांगणे बेकायदा आहे. हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो; झिरो एफआयआरची ही तरतूद 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आली आहे. न्यायवैद्यक नमुने पहिल्या तीन-चार दिवसांतच हाती लागतात, त्यामुळे ‘वहीं जाओ’ म्हणणारा हवालदार पुरावाच घालवत असतो. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. कोरकू दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो. हे सगळे त्या मुलीला माहीत नसते, पण विद्यापीठाला माहीत असले पाहिजे. तिच्याबरोबर ठाण्यात आणि रुग्णालयात एक जाणते माणूस पाठवणे, तिचे म्हणणे तिच्याच भाषेत उतरवून घेणे, हे विद्यापीठाचे काम आहे. हिंदीत भाषांतर नंतर होऊ शकते. कोरकूत सांगितलेले दुःख बाबूच्या हिंदीत ‘छेड़छाड़’ होऊन बसले की खटला तिथेच हलका होतो.

विद्यापीठे हे करू शकतात, अशी माझी खात्री आहे, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना सोडले. 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सुनावले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. एका गरीब आदिवासी मुलीसाठी विद्यापीठातली माणसे आपले नाव पणाला लावून उभी राहिली होती. आज तशीच मुलगी त्यांच्या स्वतःच्या वर्गात बाकावर बसलेली आहे.

ज्यांच्या घरातली मुलगी यंदा कॉलेजात जाणार आहे त्यांना माझी विनंती आहे. प्रवेशाच्या दिवशी फीची पावती घेताना समितीतल्या बाईंचे नाव आणि फोन नंबर मागा, आणि तो नंबर तिथेच लावून बघा. आणि घरून निघण्याआधी मुलीला स्वच्छ शब्दांत सांगा की काहीही झाले तरी तिचे शिक्षण बंद होणार नाही.